यंत्राची रोजकीर्द

दूरध्वनीवरचे बोलणे मध्येच तुटले म्हणजे माणसाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'काय झाले' हा नव्हे. 'कोणामुळे झाले' हा. बोलणारा म्हणतो, पलीकडच्याने ठेवून दिला. पलीकडचा म्हणतो, तार खराब आहे. तारेवर काम करणारा म्हणतो, तुमचे यंत्र जुने झाले. यंत्र विकणारा दुकानदार म्हणतो, आमच्याकडून गेले तेव्हा ते ठीक होते. चौघेही प्रामाणिक असू शकतात आणि तरीही चौघांपैकी कोणालाच खरे कारण ठाऊक नसते. असा वाद सोडवावयाचा तर पाचवा साक्षीदार लागतो. त्याला कोणाची बाजू घ्यावयाची नसावी, आणि घटना घडत असतानाच त्याने ती टिपून ठेवलेली असावी. संदेशवहनाच्या यंत्रांना अशी टिपणे ठेवावयास माणसाने कसे शिकविले आणि ती वाचावयास तो स्वतः कसा शिकला, त्याचा इतिहास आज आम्हांला थोडक्यात सांगावयाचा आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयाची गुरुकिल्ली घरीच सापडेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांतला भेद आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगितला जातो. बखर घटनेनंतर लिहिली जाते, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते आणि तिच्यात कोणाचा तरी गौरव किंवा बचाव असतो. रोजकीर्दीचा कागद मात्र त्या दिवशीच्या आवक-जावकेपलीकडे काही बोलत नाही. आणि त्याला काही सिद्ध करावयाचे नसते म्हणूनच तो विश्वासाला पात्र होतो. बिघाडाबद्दलची ग्राहकाची तक्रार ही बखर होय. यंत्राने क्षणाक्षणाला लिहून ठेवलेली टिपणे ही रोजकीर्द होय. संगणकाच्या जगात हिला 'लॉग' म्हणतात. हा शब्द दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकीत, आणि अमुक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते वहीत लिहीत. लाकडाचे नाव वहीला लागले, आणि वहीचे नाव पुढे संगणकाच्या फायलीला.

आता इतिहासाकडे वळू. ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक समुद्राच्या तळावरून पहिली तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पोचावयास सुमारे सोळा तास लागले. गावोगावी आतषबाजी झाली. परंतु तारेच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांनी त्या दिवसांत जे संदेश उतरून घेतले, ते वाचले म्हणजे आतषबाजीचा प्रकाश फिका पडतो. त्यांत बातम्या थोड्या. पुन्हा पाठवा, हळू पाठवा, समजले की नाही ते कळवा, अशी विनवणीच अधिक. काही आठवड्यांतच तार मुकी झाली.

दोष कोणाचा? कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचा शल्यवैद्य होता. जोर लावला म्हणजे संदेश पोचतो अशी त्याची श्रद्धा असल्यामुळे त्याने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर टाकला. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी नेमका उलटा मार्ग धरला होता. क्षीण प्रवाह आणि तो ओळखणारे अतिशय नाजूक आरशाचे मापक, ही त्यांची पद्धत. इतिहासकार सांगतात की व्हाइटहाउसच्या अधिकाराखाली संदेश थॉमसनच्या मापकावर वाचले जात आणि मग ते व्हाइटहाउसच्या स्वतःच्या यंत्रावर पुन्हा उमटवून, जणू त्याच यंत्राने घेतले, अशा रीतीने कागदाची पट्टी पुढे केली जाई. बनावट कागदाचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. वतनाच्या वादांत असे कागद कितीतरी झाले. पण यंत्रविद्येत त्याचा परिणाम अधिक घातक असतो. खोटी नोंद माणसाला फसवू शकते. समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेला ती फसवू शकत नाही.

पुढे लाल समुद्रातून हिंदुस्थानाकडे टाकलेली तारही निकामी झाली, तेव्हा ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने या अपयशांची चौकशी केली. तिचा अहवाल १८६१ साली बाहेर आला. त्याच वर्षी विजेच्या मोजमापाची प्रमाणे ठरविण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने दुसरी समिती नेमली, आणि तिच्या कामातून रोधाचे एकक, म्हणजे ओहमची पूर्वपीठिका, स्थिर झाली. वरवर पाहता ही रुक्ष गोष्ट आहे. परंतु एकक ठरले म्हणजेच दोन ठिकाणच्या, दोन दिवसांच्या नोंदींची तुलना करता येते. काल तारेचा रोध इतका होता, आज इतका आहे, तर बिघाड किनाऱ्यापासून साधारण इतक्या मैलांवर असावा, असे गणित खोलीत बसून मांडता येऊ लागले. १८६७ साली थॉमसन यांनी सायफन रेकॉर्डरचे पेटंट घेतले. या यंत्रात शाईची बारीक नळी सरकत्या कागदावर प्रवाहाचे हेलकावे स्वतःच रेखीत असे. आता वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि प्रामाणिकपणावर सगळी भिस्त उरली नाही. १८७० मध्ये समुद्री तारांची साखळी मुंबईला येऊन पोचली.

दूरध्वनीच्या केंद्रांत हीच कथा वेगळ्या रूपाने घडली. आरंभीच्या केंद्रात माणूसच जोडणी करी, त्यामुळे बिघाडाची साक्षही माणूसच देई. कॅन्सस सिटीचा अंत्यविधीचे सामान पुरविणारा आल्मन स्ट्राउजर याला संशय आला की केंद्रातून आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविली जातात. या संशयातून त्याने स्वयंचलित केंद्राची कल्पना काढली, असे सांगतात. पेटंट १८९१ साली मिळाले, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसे केंद्र चालू झाले. जोडणारा माणूस गेला. त्याच्यावरचा संशयही गेला. पण त्याच्याबरोबर त्याची साक्षही गेली, हे लोकांच्या उशिरा लक्षात आले. स्ट्राउजरच्या पद्धतीत एकेका आकड्यासरशी एकेक निवडक यंत्र वर चढे आणि आडवे फिरे, त्यामुळे जोडणी कुठे अडली ते पाहावयाचे तर दुरुस्तीवाल्याने रांगांमधून चालत जाऊन डोळ्यांनी शोधावयाचे. जोडणी तुटली की यंत्र जागेवर परत येई आणि पुरावा पुसला जाई.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात क्रॉसबार पद्धतीचे केंद्र सुरू झाले. यात मार्कर नावाचे मोजकेच सामाईक मंडल प्रत्येक जोडणीचा मार्ग ठरवी आणि क्षणभरात दुसऱ्या जोडणीकडे वळे. त्यामुळे डोळ्यांनी माग काढणे अशक्य झाले. म्हणून अभियंत्यांनी दिव्यांचा फलक बसविला. मार्करचे काम ठरलेल्या वेळात पुरे झाले नाही तर त्या क्षणी कोणकोणती मंडले गुंतली होती ते दिवे लागून दिसे, आणि हजर असलेला माणूस ते कागदावर उतरून घेई. युक्ती चांगली, परंतु तिच्यात माणसाचा हात मध्ये होता. तो उतरून घेईपर्यंत फलक अडकून राही, आणि तेवढ्यात दुसरे काही बिघडले तर त्याची नोंद निसटण्याचा संभव असे.

दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, पेन्सिल्व्हेनियातील मीडिया या गावी पाचव्या क्रमांकाचे क्रॉसबार केंद्र सुरू झाले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. आता दिव्यांऐवजी पुठ्ठ्याचे पत्रक आले. मार्कर अडला की एक यंत्र पत्रकाला भोके पाडी. कोणता मार्कर, जोडणीचा कोणता टप्पा, कोणकोणती मंडले, हे सारे त्या भोकांवरून वाचता येई. मार्कर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करी आणि बहुधा जोडणी होऊनही जाई, त्यामुळे फोन करणाऱ्याला काही झाल्याची दादही लागत नसे. पत्रक मात्र तयार असे.

या पत्रकाने एक मोठा विचार रूढ केला. सुट्या पत्रकावरून फारसे काही समजत नाही. शंभर पत्रके एकावर एक ठेवून पाहिली, आणि त्यांपैकी बहुतेकांत एकाच जागी भोक आढळले, म्हणजे संशयित सापडतो. आमच्या पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर यंत्र कीर्द लिहिते. खतावणी मात्र माणसाने करावयाची असते. कीर्दीत नोंदी काळाच्या क्रमाने येतात. खतावणीत त्या खात्याखात्याने वेगळ्या होतात, आणि कोणत्या खात्यावर तूट आहे ते तेव्हा उघड होते. बिघाडाचे निदान ही मुख्यतः खतावणीची विद्या आहे.

मार्करची जागा पुढे संगणकाने घेतली. इलिनॉयमधील मॉरिस येथे १९६० मध्ये प्रायोगिक, आणि ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सकसुना येथे कायमचे, असे इलेक्ट्रॉनिक केंद्र चालू झाले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक काळ केंद्र बंद पडू नये, हे त्याच्या रचनाकारांनी स्वतःवर घातलेले बंधन होते. हे साधावयाचे कसे? त्यांनी कोश रचण्याचा मार्ग काढला. मुद्दाम एकेक भाग बिघडवावयाचा, यंत्राकडून परीक्षा करवून घ्यावयाची, आणि त्या बिघाडाला यंत्र कोणते आकडे छापते ते नोंदवावयाचे. असे हजारो बिघाड घालून त्यांची उत्तरे क्रमवार लावली आणि जाड ग्रंथ छापला. पुढे खरोखरीचा बिघाड झाला की टेलिप्रिंटरवर आकडे उमटत. दुरुस्तीवाला ते कोशात पाही, आणि कोणते पान बदलावयाचे ते त्याला कळे. वैद्याने आधी रोग निर्माण करून लक्षणे लिहून ठेवावीत, असा हा प्रकार झाला. माणसावर तो अधर्म ठरेल. यंत्राच्या बाबतीत तो पुण्यमार्ग ठरला. मात्र जो बिघाड कोणाच्या कल्पनेतच आला नव्हता, तो कोशात सापडत नसे. या अडचणीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

इथवर नोंदी ठेवणारी यंत्रे कंपन्यांच्या भिंतीआड होती. ती सामान्य माणसाच्या मेजावर आली मोडेमच्या रूपाने. संगणकाचे अंक आवाजाच्या तारेवरून पाठवावयाचे तर त्यांना सुरांचे रूप द्यावे लागते, आणि पलीकडे सुरांचे पुन्हा अंक करावे लागतात. ही दोन्ही कामे करणारे ते मोडेम. १९६२ च्या सुमारास आलेले बेल कंपनीचे १०३ हे मोडेम सेकंदाला तीनशे बिट्स नेई. १९८१ मध्ये डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम आणले, आणि त्याने एक साधी पण दूरगामी गोष्ट केली. संगणकाने मोडेमला अक्षरांत आज्ञा द्यावयाची आणि मोडेमने अक्षरांतच उत्तर द्यावयाचे. आज्ञेच्या आरंभी 'एटी' ही दोन अक्षरे, म्हणजे 'लक्ष दे'. उत्तरे ठरलेली: 'ओके', 'कनेक्ट', 'बिझी', 'नो डायलटोन', 'नो कॅरिअर'.

हा संवाद अक्षरांत असल्यामुळे तो जसाच्या तसा फायलीत उतरविता येऊ लागला, आणि प्रत्येक ओळीशी वेळ लिहिता येऊ लागली. १९९५ सालच्या विंडोजमध्ये अशी मोडेमची नोंद फाइल ठेवण्याची सोय होती. ती उघडली म्हणजे संगणकाने काय म्हटले, मोडेमने काय उत्तर दिले, दोहोंमध्ये किती सेकंद गेले, हे सारे ओळीओळीने दिसे. आज्ञा पाठविल्यावर मोडेमचे काहीच उत्तर नाही, तर दोष संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या वायरीचा किंवा प्रणालीचा. दूरध्वनीच्या तारेला व्यर्थ बोल लावू नये. उत्तर आले पण 'नो डायलटोन' असे, तर तार किंवा सूर पाहावा. घंटी वाजली, पलीकडच्या मोडेमचा आवाज आला आणि मग 'नो कॅरिअर' झाले, तर दोघांची बोली जुळली नाही. जोडणी होऊन वीस मिनिटांनी तुटली, तर तारेवरचा गोंगाट शोधावा. बिघाड कोणत्या दोन ओळींच्या मध्ये पडतो ते ठरविले की निम्मे निदान झाले.

यातला 'नो डायलटोन' हा निरोप आपल्याकडे फार लोकांना चकवी. माणूस फोन कानाला लावी, सूर स्वच्छ ऐकू येई; आणि मोडेम मात्र सूर नाही म्हणून हटून बसे. वस्तुतः दोघेही खरे बोलत. अमेरिकेत डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा मिळून होतो, आणि तिकडच्या बाजारासाठी केलेले मोडेम तोच शोधीत असे. भारतातला डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झच्या हेलकाव्याचा. माणसाच्या कानाला दोन्ही सूरच. यंत्राच्या कानाला एक ओळखीचा आणि दुसरा परका. सुराची वाट न पाहता आकडे फिरव, अशी 'एक्स ३' ही आज्ञा दिली की काम होई. नोंदीतल्या निरोपाचा अर्थ 'सूर नाही' असा नव्हता. 'मला ठाऊक असलेला सूर नाही' असा होता. कागद अस्सल असला तरी तो लिहिणारा कोण आणि त्याला काय दिसत होते, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही, हा इतिहासाचा नियम इथेही लागू पडतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. पुढल्या काही वर्षांत एका तालुक्याच्या गावी आम्हीही मोडेम घेतले. पावसाळा लागताच संध्याकाळच्या वेळी जोडणी तुटू लागली. तक्रार घेऊन गेलो तर खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले की बोलणे नीट होते आहे ना, मग तार चांगली आहे; मोडेम तपासा. दुकानदार म्हणाला, मोडेम नवे आहे, तार तपासा. दोन महिने आम्ही या दोन दारांमध्ये फिरलो. अखेरीस पंधरा दिवसांची नोंद फाइल काढून आम्ही एका कागदावर खतावणी मांडली. एका बाजूला तारीख आणि वेळ, दुसरीकडे जोडणीचा वेग, तिसरीकडे जोडणी किती मिनिटांनी तुटली, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी पाऊस होता की नव्हता. कोरड्या दिवशी वेग तीस हजारांच्या वर. पावसाच्या दिवशी चौदा हजारांवर येई आणि तोही टिकत नसे. उघाड झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

तो कागद घेऊन आम्ही वयस्कर लाइनमनकाकांकडे गेलो. मोडेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते. पण शेवटचा रकाना पाहताच त्यांनी मान डोलावली. "साहेब, हे तर जॉइंटात पाणी शिरतंय," ते म्हणाले, "बोलताना नुसती खरखर येते, माणूस तेवढी सोसून घेतो. तुमचं यंत्र सोसत नसेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या खांबाजवळचा सांधा उघडला. तांबे हिरवे पडले होते. अर्ध्या तासात काम झाले, आणि त्या पावसाळ्यात जोडणी पुन्हा तशी तुटली नाही. दोन महिने जे तीन शहाण्या माणसांना उमगले नाही ते तारखा आणि आकडे यांच्या कागदाने पाच मिनिटांत सांगितले, हे खरे. पण तो कागद वाचावयाला तारेवर आयुष्य घालविलेला माणूस लागला, हेही तितकेच खरे आहे.

आता कोशात न सापडणाऱ्या बिघाडाची गोष्ट. १५ जानेवारी १९९० रोजी दुपारी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचे जाळे अकस्मात डळमळले. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्राला किरकोळ अडचण जाणवली. नियमाप्रमाणे त्याने स्वतःला चार-सहा सेकंद बाजूला काढले, सावरले, आणि पुन्हा कामाला लागलो असे शेजाऱ्यांना कळविले. शेजारचे केंद्र तो निरोप टिपून घेत असतानाच दुसरा निरोप सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत आला, आणि ते केंद्र गोंधळले. नियमाप्रमाणे त्यानेही स्वतःला बाजूला काढले, सावरले, आणि आपल्या शेजाऱ्यांना तसेच कळविले. अशा रीतीने एकशे चौदा केंद्रे आळीपाळीने पडू आणि उठू लागली, आणि सुमारे नऊ तास हे चक्र चालले. जवळजवळ निम्म्या जोडण्या होऊ शकल्या नाहीत. मूळ दोष महिनाभरापूर्वी बसविलेल्या नव्या कार्यक्रमात होता. 'सी' भाषेतल्या त्या कार्यक्रमात 'ब्रेक' हा एक शब्द भलत्या जागी पडला होता.

या घटनेचे मर्म असे की कोणतेही एक केंद्र पाहिले तर ते नियमाप्रमाणेच वागत होते. अडचण आली, बाजूला झालो, सावरलो, कामाला लागलो. एकेका केंद्राच्या दृष्टीने हा उत्तम कारभारच होता. बिघाड केंद्रात नव्हता. तो केंद्राकेंद्रांमधल्या संबंधात होता. एका गावाच्या कीर्दीत दुष्काळ दिसत नाही. मुलखाच्या साऱ्या कीर्दी एकत्र मांडल्या म्हणजेच तो दिसतो. म्हणून निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी एका वेळेला लावून पाहणे आवश्यक झाले. आणि त्यासाठी यंत्रांची घड्याळे आधी एकमेकांशी जुळली पाहिजेत. संगणकांची घड्याळे जाळ्यातून जुळविण्याची डेव्हिड मिल्स यांची पद्धत १९८५ मध्ये लेखी मांडली गेली होती. नोंदीतली वेळच चुकली तर कारण परिणामाच्या मागे जाते, आणि निरपराध यंत्र आरोपी ठरते.

आजचा दूरध्वनी बव्हंशी इंटरनेटच्या रीतीने चालतो. त्याची बोली 'सिप' नावाची. तिचा पहिला मसुदा १९९९ चा आणि आजही वापरात असलेला मुख्य मसुदा २००२ चा. तीही अक्षरांतच आहे. आमंत्रण, मग १०० म्हणजे प्रयत्न चालू, १८० म्हणजे घंटी वाजते आहे, २०० म्हणजे उचलला, ४८६ म्हणजे गुंतलेला. प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र ओळखचिन्ह असते, त्यामुळे हजारो जोडण्यांच्या कीर्दीतून एकाच जोडणीच्या ओळी वेगळ्या काढता येतात.

यातला एक बिघाड फार बोधप्रद आहे. एकाला ऐकू येते, दुसऱ्याला येत नाही. सिपची नोंद पाहावी तर ती निर्दोष: आमंत्रण, घंटी, उचलला, सारे यथासांग. कारण बोलणी ठरविण्याचा मार्ग निराळा आणि प्रत्यक्ष आवाज जाण्याचा मार्ग निराळा. आमंत्रणातच एक ओळ असते की माझा आवाजाचा पत्ता अमुक. ती ओळ वाचली तर पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होणारा, घराच्या आतल्या जाळ्यापुरता पत्ता आढळतो. बाहेरच्याने त्या पत्त्यावर आवाज पाठविला तर तो पोचणार कुठे? पाहुण्याला पत्ता म्हणून 'माजघर, उजवीकडची खोली' एवढेच लिहून कळविल्यासारखे ते होते. नोंद खोटे बोलत नव्हती. उत्तर तिच्यातच होते. आम्ही शेवटची 'उचलला' ही ओळ पाहून समाधान मानले, हा दोष आमचा.

आणि काही वेळा नोंद खरोखरच मुकी असते. जोडणी का संपली याचे ठरलेले आकडे आहेत: १६ म्हणजे रीतसर संपली, १७ म्हणजे पलीकडचा गुंतलेला, ३४ म्हणजे मार्गच मोकळा नाही. परंतु ३१ आणि १२७ असेही आकडे आहेत, आणि त्यांचा भावार्थ एवढाच की कारण सांगता येत नाही. दोन निराळ्या जाळ्यांच्या सीमेवर निरोपाचे भाषांतर होताना मूळ कारण हरवते. अशा ठिकाणी पलीकडच्या जाळ्याची कीर्द मागविल्यावाचून गत्यंतर नसते. आणि ती देणे न देणे त्याच्या मर्जीवर राहते.

इथे हा विषय यंत्राचा न राहता माणसाचा होतो. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही मोडेम आहे, आणि १९८१ सालच्या 'एटी' आज्ञा त्याच्या घराण्यात आजही चालतात. संकेताचे बळ विचारले तर शून्यापासून ३१ पर्यंतचा आकडा मिळतो, आणि ९९ आला तर कळत नाही असा अर्थ. मागची जोडणी का तुटली ते विचारावयाची आज्ञाही आहे. पण हे विचारावयाचे दार बहुतेक फोनांत सामान्य ग्राहकाला सहजासहजी उघडत नाही. कीर्द त्याच्याच खिशात लिहिली जाते आणि ती त्यालाच वाचता येत नाही. आम्ही त्या पावसाळ्यात जो कागद मांडला, तो मोडेमची फाइल आमच्या हाती होती म्हणून. ती नसती तर आम्ही अजूनही दोन दारांमध्ये फिरत असतो.

दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. दूरध्वनीची कीर्द म्हणजे कोण कोणाशी, केव्हा, किती वेळ बोलले याची कीर्द. बिघाड शोधण्यासाठी ठेवलेली वही पाळतीची वही व्हावयास वेळ लागत नाही. विंडोजच्या त्या जुन्या नोंद फायलीतली एक लहानशी गोष्ट आम्हांला या संदर्भात नेहमी आठवते. आकडे फिरविण्याची आज्ञा तिच्यात नोंदली जाई, परंतु फिरविलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी एक फुली-चौकटीचे चिन्ह पडे. आकडे फिरविले हे कळे, कोणाला फिरविले हे कळत नसे. निदानाला पहिली गोष्ट पुरते, दुसरी लागत नाही. ज्याने हे ठरविले त्याने तंत्राबरोबर सभ्यताही जाणली होती.

तात्पर्य, दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. बिघाड झाला की आधी माणसावर बोट न ठेवता नोंद मागावी. नोंद मिळाली की ती लिहिणाऱ्या यंत्राला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते ते विचारावे. आणि जिची गरज नाही ती नोंद ठेवू नये. पहिलीमुळे निरपराध सुटतो, दुसरीमुळे खरा दोष सापडतो, आणि तिसरीमुळे यंत्र नीट करता करता माणसाचे घर उघडे पडत नाही. व्हाइटहाउसच्या बनावट पट्टीने एक तार वाचली नाही. लाइनमनकाकांनी मात्र खऱ्या कागदाचा शेवटचा रकाना वाचला आणि अर्ध्या तासात एक सांधा जोडून दिला.